नमुन्याच्या दोन पेट्या

दूध संघाच्या मोटारसायकलला भोक पाडायचे असेल तर संचालक मंडळाचा ठराव लागत असे. ठराव करायचा तर मंडळाला आधी नमुना पाहायचा असे. नमुना दाखवायचा तर तो मोटारसायकलला बसवून दाखवावा लागे आणि बसवायचा तर भोक पाडावे लागे. आष्टीच्या दूध शीतकरण केंद्राच्या व्यवस्थापकाने हे मला चहा पिता पिता सांगितले. त्यात तक्रारीचा सूर नव्हता. तो फक्त कार्यपद्धती समजावून देत होता.

प्रश्न बाटल्यांचा होता. संघाचे पर्यवेक्षक रोज सकाळी गावोगावच्या दूध संस्थांमधून दुधाचे नमुने काचेच्या छोट्या बाटल्यांत भरून घेत आणि फॅट तपासण्यासाठी केंद्रावर आणत. बाटल्या पिशवीत घालून पिशवी हँडलला अडकवलेली असे. निम्म्या बाटल्या वाटेत फुटत. उरलेल्या कोणत्या गावच्या हे कळत नसे, कारण फुटलेल्या बाटल्यांच्या दुधाने चिठ्ठ्या भिजलेल्या असत. यावर उपाय म्हणून मोटारसायकलच्या दोन्ही अंगांना पत्र्याच्या बंद पेट्या बसवाव्यात, असे कुणीतरी सुचवले होते. चौदा मोटारसायकली, अठ्ठावीस पेट्या. मंडळाची हरकत नव्हती, फक्त नमुना पाहायचा होता. म्हणजे एक खाजगी मोटारसायकल हवी होती.

ती माझी निघाली. मी तेव्हा एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो आणि पेट्या मलाही हव्या होत्या. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस झाला नव्हता. बातम्या चारा छावण्यांत होत्या, टँकरच्या रांगांत होत्या, रोजगार हमीच्या रस्त्यांवर होत्या आणि या तिन्ही ठिकाणी धूळ होती. खांद्यावरच्या शबनममध्ये कॅमेरा ठेवून मी महिनाभर हिंडलो. त्या काळात छापून आलेल्या एका फोटोत छावणीतल्या म्हशींच्या अंगावर पांढरे ठिपके दिसत होते. ते भिंगात शिरलेल्या धुळीचे होते. फोटो पाहून पशुसंवर्धन खात्याची जीप छावणीवर गेली आणि तिथल्या सगळ्या म्हशींना लस टोचून आली. संपादकांनी मला कॅमेरा झाकून नेण्याची सूचना केली.

गावात पेट्या करणारा एकच होता. तो मूळचा दिंद्रुडकडचा. बसस्थानकामागे त्याचे दुकान होते आणि दुकानाच्या मागे घर. तो दोनच वस्तू करी. एक, धान्य साठवायची कोठी. दुसरी, लग्नात मुलीबरोबर द्यायची पेटी. धान्य पिकले नव्हते म्हणून कोठी कुणी घेत नव्हते आणि लग्ने पुढच्या वर्षावर गेली होती म्हणून पेटीही कुणी घेत नव्हते. दुकानात नऊ कोठ्या तयार होत्या. त्यातल्या एकीत तो हत्यारे ठेवत असे, एकीत त्याच्या बायकोने कोंबडी अंड्यांवर बसवली होती आणि बाकीच्या सात उन्हाने अधूनमधून आपोआप वाजत.

त्याचा मेहुणा ऊसतोडीचा मुकादम होता. टोळीचा ट्रक दसऱ्यानंतर निघणार होता आणि त्यात मेहुण्याने एका कोयत्याची जागा या घरासाठी राखून ठेवली होती. कोयता म्हणजे एक नवरा आणि एक बायको. टोळी मोजायची पद्धतच तशी आहे. संघाचे काम मिळाले तर दोघे दुकान चालवणार, नाही मिळाले तर दुकानाला कुलूप लावून ट्रकमध्ये बसणार. पेटीवाल्याने हे मला पहिल्याच दिवशी, माप घेता घेता सांगितले. त्याची बायको उंबऱ्यावर बसून ज्वारी निवडत होती.

"मला ऊस तोडायचं काई न्हाई, भाऊ," ती म्हणाली. "माहेरी असताना तोडलाय मी. पर ह्यांच्यासंगं न्हाई. हे पयलं एकेक ऊस मोजतील, मंग तोडतील."

पेटीवाल्याने मान वर केली नाही. तो माझ्या मागच्या चाकाचा घेर तिसऱ्यांदा मोजत होता.

आठ दिवसांत पेट्या तयार झाल्या. बावीस गेजचा जस्ती पत्रा, कडा दुमडून आत तार घातलेली, कोपऱ्यांना रिव्हेट, सांध्यांना कथिलाचा डाग. मोटारसायकलच्या सांगाड्याला त्याने अँगलची चौकट वेल्डिंग करून घेतली होती आणि चौकटीला पेट्या बोल्टने आवळल्या होत्या. काम पक्के होते. फक्त वरचे झाकण वीतभर, गोल आणि घट्ट होते. तळाशी मात्र, रस्त्याच्या बाजूला, एक सरकते दार होते. कोठीला असते तसे.

दार खाली का, असे मी विचारले. त्याला प्रश्न समजला नाही.

"वरून टाकायचं, खालून काढायचं," तो म्हणाला. "जुनं आधी निघतं."

वीस वर्षे तो असेच करत आला होता आणि एकाही गिऱ्हाइकाने तक्रार केली नव्हती. वृत्तपत्राच्या दृष्टीनेही यात तत्त्वतः चूक काढता येत नव्हती. मी गाडी घेऊन निघालो.

दार छावणीच्या कच्च्या रस्त्यावर उघडले. कधी उघडले ते कळले नाही. छावणीच्या दाराशी गाडी उभी करून मी पेटी वाजवली तेव्हा ती रिकामी वाजली. कॅमेरा दुसऱ्या पेटीत होता, त्यामुळे वाचला. मागे पाहिले तर रस्त्याच्या मधोमध, बऱ्यापैकी सरळ रेषेत, कागद पडत आले होते. त्यात तहसीलदारांनी दिलेली टँकरग्रस्त गावांची यादी होती, पालकमंत्र्यांच्या भाषणाची टिपणे होती आणि माझा डबा होता. मेंढरांच्या कळपामागून एक म्हातारा मेंढपाळ ते वेचत येत होता. भाकरी त्याच्या कुत्र्याने खाल्ली होती, हे त्याने सर्वांत आधी सांगितले. मग कागदांचा गठ्ठा माझ्या हाती दिला आणि पेटीखाली वाकून उघडे दार बराच वेळ पाहिले.

"काय पेरताव, साहेब?" तो म्हणाला. "पाऊस न्हाई, अन् पेरणी कावून?"

मी गाडी तशीच दुकानावर परत आणली. पेटीवाल्याने सगळे ऐकून घेतले. कोठी कधी प्रवासाला जात नाही, ही गोष्ट त्याच्या लक्षात आली नव्हती. त्याने दारे काढून तिथे पत्रा मारला आणि वरचे झाकण कापून पूर्ण पेटीच्या मापाचे केले. बिजागरी लावली, कडी लावली. झाकण वर उघडायला जागा हवी म्हणून वेल्डिंगवाल्याकडून चौकट कापून पेट्या चार बोटे पुढे घेतल्या. त्याची मापे बिनचूक होती. फक्त ती त्याने गाडी स्टँडवर उभी असताना घेतली होती आणि तेव्हा किक तिच्या जागी वर होती. किक मारायला गेलो तेव्हा ती निम्म्यावर येऊन पेटीला टेकली.

पेट्या मागे घ्यायच्या तर चौकट पुन्हा कापावी लागणार होती आणि वेल्डिंगवाला नेमका सोयरिकीला गेला होता. तो आठ दिवसांनी आला. ते आठ दिवस मी गाडी उतारावर लावत होतो आणि ढकलून चालू करत होतो. कोणत्या कार्यालयासमोर उतार आहे आणि कोणत्या नाही, याची मला त्यामुळे पक्की माहिती झाली. तहसील कार्यालयासमोर चांगला उतार आहे. पंचायत समितीसमोर आहे, पण उलट्या दिशेने. पोलीस ठाणे अगदी सपाटीवर आहे. त्या आठवड्यातले अंक आता कुणी काढून पाहिले तर महसुलाच्या बातम्या भरपूर आणि गुन्हे जवळजवळ नाहीत, असे दिसेल. तालुक्यात शांतता नव्हती. उतार नव्हता.

चौकट दुरुस्त झाली, किक मोकळी झाली. आता बाटल्या. पेटीवाल्याने प्रत्येक पेटीत लाकडी पट्ट्यांचे सहा खण पाडले आणि खणाखणात कापूस घातला. व्यवस्थापकाने केंद्रातल्याच दुधाच्या बारा बाटल्या भरून दिल्या. त्या पेट्यांत घालून मी दहा कोस हिंडून आलो. यासाठी मुद्दाम रोजगार हमीचा रस्ता निवडला होता. त्यावर खडी पडली होती आणि मुरूम यायचा होता.

एकही बाटली फुटली नाही. पेटीवाल्याने एक बाटली उजेडात धरली आणि बायकोच्या हातात दिली. दुधावर ज्वारीच्या दाण्याएवढे पिवळे गोळे तरंगत होते. तिने बूच काढून एक गोळा बोटावर घेतला.

"लोणी," ती म्हणाली. "मी दोन घंटे घुसळते तवा एवढं येतंय. पेटीचं जाऊ द्या, ताक घुसळायची रवी म्हणून इका ही गाडी."

पण लोणी निघाले की उरलेल्या दुधात फॅट राहत नाही, आणि फॅट नसेल तर नमुन्याला अर्थ नाही. दसरा पंधरा दिवसांवर होता. मेहुणा त्या आठवड्यात दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा तो दुकानात बसला नाही, उभ्या उभ्या कोठ्यांना टिचक्या मारून गेला.

पेटीवाल्याने मग असे काही केले जे मी त्यापूर्वी पाहिले नव्हते. तो माझ्या मागे उलटा बसला, पाठीला पाठ लावून, आणि दोन्ही हातांचे तळवे दोन पेट्यांच्या झाकणांवर टेकले. धक्का कुठून येतो ते त्याला हाताने पाहायचे होते. आम्ही बाजारपेठेतून गेलो तेव्हा हॉटेलच्या बाकावरची माणसे चहा सोडून बाहेर आली.

"ऊस तोडायला निघालास अन् गाव सोडवंना व्हय बे?" एकाने विचारले.

पेटीवाल्याचे डोळे मिटलेले होते. तो म्हणाला, "बोलू नको, मोजायलोय."

रोजगार हमीच्या रस्त्यावर त्याने मला तीन फेऱ्या मारायला लावल्या. नंतर गाडी नुसती उभी करून चालू ठेवायला सांगितली आणि पुन्हा हात टेकले. खड्ड्यांचा दोष नव्हता, असा त्याचा निष्कर्ष निघाला. खड्ड्यात दूध एकदा उसळते आणि बसते. घुसळण होते ती इंजिनाच्या बारीक थरथरीने, आणि ती थरथर अँगलमधून बोल्टात, बोल्टातून पेटीत जाते. लोखंड लोखंडाला लागले की ती जाणारच. तेव्हा लोखंड लोखंडाला लागू द्यायचे नाही.

त्याने बैलगाडीच्या जुन्या टायरचे सोळा चौकोनी तुकडे कापले. एका पेटीला चार बोल्ट, दोन पेट्यांना आठ. प्रत्येक बोल्टाला पत्र्याच्या आत एक तुकडा आणि बाहेर एक तुकडा. पत्र्यातले भोक त्याने बोल्टापेक्षा मोठे केले आणि त्यात सायकलच्या ट्यूबची नळी बसवली, म्हणजे बोल्ट पत्र्याला कुठेच शिवणार नाही. बोल्ट किती आवळायचा यावर त्याचे दोन दिवस गेले. जास्त आवळला तर रबर दबून दगड होतो, कमी आवळला तर पेटी झुलते. शेवटी त्याला हवी ती पकड सापडली. गाडी चालू करून पेटीवर हात ठेवला तर पेटी बंद दुकानातल्या कोठीसारखी गप्प लागत होती. पुन्हा बारा बाटल्या, पुन्हा तोच रस्ता. लोणी आले नाही. त्याच्या बायकोने प्रत्येक बाटली स्वतः हलवून पाहिली आणि काही बोलली नाही. ती काही बोलली नाही, हे त्याने मला दुसऱ्या दिवशी मुद्दाम सांगितले.

संघाचे चेअरमन पासष्टीचे होते. धोतर, पांढरी बंडी, बोलणे कमी. नमुना पाहायचा तर आपल्याच गावच्या दुधावर पाहू, असे त्यांनी ठरवले आणि ते स्वतः सोबत येणार म्हणाले. सकाळी मी त्यांच्या गावी गेलो. गावच्या संस्थेत सचिवाने बारा उत्पादकांच्या दुधाचे फॅट चिठ्ठ्यांवर लिहिले, बाटल्या भरल्या. चेअरमननी स्वतःच्या हाताने त्या खणांत ठेवल्या आणि कडी लावली. मग ते माझ्या मागे बसले. पेट्यांमुळे त्यांना गुडघे फाकवून, घोड्यावर बसल्यासारखे बसावे लागले. मला वाटले, त्यांना त्रास होत असेल. तसे नव्हते. वाटेत गावे लागली की ते गाडी हळू घ्यायला सांगत आणि दोन्ही बाजूंनी नमस्कार घेत.

केंद्रावर पेटीवाला आधीच येऊन थांबला होता. चेअरमननी कडी काढली. बारा बाटल्या, बाराही धड, चिठ्ठ्या कोरड्या. लोण्याचा कण नाही. पेटीवाल्याने त्या एकेक करून उजेडात धरल्या आणि परत ठेवल्या. व्यवस्थापकाने तपासणी सुरू केली. पहिल्या बाटलीचे फॅट चिठ्ठीवरच्या आकड्यापेक्षा दीडने कमी आले. त्याने ती पुन्हा तपासली. तेवढेच आले. दुसरीचेही तसेच. पाचव्या बाटलीनंतर त्याने आकडे मोठ्याने वाचायचे बंद केले.

"रस्ता कसा हुता आज?" चेअरमननी विचारले.

"रस्ता तोच हाय, साहेब," पेटीवाला म्हणाला. त्याचा चेहरा उजळलेला होता. "पर दूध हललंच न्हाई. तुमच्या गावात जसं हुतं, तसंच्या तसं इथं आलंय."

त्याने हे पेटीचे कौतुक म्हणून सांगितले. चेअरमननी मान हलवली आणि हात धुवायला गेले.

मी व्यवस्थापकाला बाजूला घेऊन विचारले तेव्हा त्याने नियम सांगितला. बाटली फुटली किंवा दुधाने लोणी धरले, तर तो नमुना बाद. नमुना बाद झाला की त्या गावाच्या शेवटच्या धड बाटलीचे फॅट धरायचे. आता काही गावांची शेवटची धड बाटली दुष्काळाच्या आधीची होती. त्या बाटलीच्या आकड्यावर चेअरमनचे गावही दोन वर्षे चालले होते आणि तिथला सचिव चिठ्ठ्यांवर तसलेच आकडे लिहीत होता. मधल्या काळात जनावरांच्या पोटात हिरवे काही गेले नव्हते. शिवाय गावात पाणी टँकरने येत होते, तरी ते दुधाला पुरत होते. यातले काही कागदावर नव्हते. कागदावर फक्त रस्ता खराब असल्याची नोंद होती, आणि ती खरी होती.

मी हे त्याच संध्याकाळी पेटीवाल्याला जाऊन सांगितले. त्याला ते पटले नाही. पेटी चांगली झाली म्हणून नको, असे कुणी कसे म्हणेल, असे त्याचे म्हणणे होते. कोठीला उंदीर लागत नाही म्हणून कुणी कोठी परत करते का? त्याच्या बायकोला एका वाक्यात कळले.

"भावाला निरोप धाडते," ती म्हणाली. "जागा दुसऱ्याला देऊ नको म्हणून."

तीन दिवसांनी मंडळाची बैठक झाली. सभागृह वरच्या मजल्यावर होते आणि गाडी वर जात नव्हती, त्यामुळे मंडळ खाली आले. संघाच्या आवारात लिंबाखाली अकरा खुर्च्या मांडल्या होत्या. मी वही काढली. चेअरमननी माझ्याकडे पाहिले.

"तुमी आज गाडीचे मालक म्हणून आलाव," ते म्हणाले. "पत्रकार म्हणून न्हाई."

मी वही पेटीत ठेवली आणि कडी लावली.

संचालकांनी पेटी व्यवस्थित पाहिली. एकाने कोपरे दाबून पाहिले, एकाने झाकण दहा वेळा उघडले आणि मिटले. एकजण तिच्यावर बसला. माजलगावकडून आलेल्या एका पाहुण्याने चहाने काठोकाठ भरलेली बशी झाकणावर ठेवली आणि गाडी चालू करायला सांगितली. चहा हलला नाही. पाहुणा मनापासून म्हणाला की असे काम त्याने कुठेच पाहिले नाही. यावर संचालकांपैकी बरेच जण लिंबाकडे पाहत होते.

पेटीवाला गाडीशेजारी पाना हातात धरून उकिडवा बसला होता.

"पेटी लई चांगली हाय," चेअरमन म्हणाले. "त्यात वाद न्हाई. पर आपण सगळे इथं घरचे हाव, म्हणून बोलतो. छावणीत जनावराला काय मिळतंय? उसाचे वाढे, शेंड्याची कोरडी पानं. त्याच्यात म्हशीनं फॅट कुठून काढावं? आपलं दूध घेणारा वरचा संघ आकडा बघतो. म्हैस बघत न्हाई. आकडा उतरला की दूध बंद, दूध बंद झालं की म्हैस बाजारात. आजवर सगळं रस्त्यानं अंगावर घेतलंय. घेऊ द्या की त्याला. त्याचं काय जातंय?"

"अन् पाण्याचं काय, चेअरमन?" मागून एका संचालकाने विचारले.

"पाणी टँकरचं हाय," चेअरमन म्हणाले. "तपासलेलं हाय."

सगळे हसले. चेअरमन हसले नाहीत. मला वाटत नाही की ते विनोद करत होते. हे पूर्ण बोलणे मी त्या दिवशी लिहून घेतले नाही आणि छापलेही नाही.

"म्हंजे पेट्या नगं?" पेटीवाल्याने विचारले.

"नगं कोण म्हणलं? बाटल्या फुटत्यात, त्याचा बोभाटा लई झालाय. पेट्या पाहिजेत. अठ्ठावीस पाहिजेत." त्यांनी बोटाने बोल्टाकडे दाखवले. "तेवढं रबर काढ. ठराव आत्ता घेतो."

पेटीवाल्याने माझ्याकडे पाहिले. गाडी माझी असल्याने तो परवानगी मागत असावा, असे मी धरले आणि मान हलवली. तो तरीही थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिला. मग त्याने पाना पहिल्या बोल्टाला लावला. आठही बोल्ट निघायला बराच वेळ लागला, कारण त्याने ते नीट बसवले होते. कुणी घाई केली नाही. टायरचे सोळा तुकडे त्याने एकावर एक रचून लिंबाच्या बुंध्याशी ठेवले, ट्यूबच्या आठ नळ्या खिशात टाकल्या आणि पेट्या पुन्हा नुसत्या अँगलवर आवळल्या. मला किक मारायला सांगितली. पेट्या खडखड वाजू लागल्या. पाहुण्याने पुन्हा झाकणावर ठेवलेली बशी सरकली आणि खाली पडली.

"आता बराबर," मागचा संचालक म्हणाला.

संघाच्या सचिवाने ठराव वाचला. पर्यवेक्षकांच्या चौदा मोटारसायकलींना दर्शवलेल्या नमुन्याप्रमाणे अठ्ठावीस पेट्या बसवण्यास आणि त्यासाठी आवश्यक ती भोके पाडण्यास सर्वानुमते मंजुरी देण्यात आली. ट्रकमधली जागा आता दुसऱ्या कोयत्याला जाणार होती. मी पेटीवाल्याला उठवायला हात पुढे केला, पण तो उठला नाही. त्याने ठरावाच्या कागदाची एक कोरी बाजू सचिवाकडून मागून घेतली आणि मांडीवर पसरली.

"आजून काई बिघडवायचं आसंल तर आत्ताच सांगा," तो चेअरमनना म्हणाला. आवाजात टोमणा नव्हता. गिऱ्हाइकाला कोठीची उंची विचारावी तसे त्याने विचारले. "अठ्ठावीस झाल्यावर मंग बदलता येत न्हाई."

चेअरमननी थोडा विचार केला.

"खणातला कापूस नगं," ते म्हणाले. "अन् झाकण जरा ढिलं ठेव."

"ढिलं म्हंजे किती? आठ सुताचा इंच. एक सूत का दोन?"

चेअरमननी संचालकांकडे पाहिले. दोन-तीन जणांनी आपापसात बोलून घेतले. मागच्या संचालकाचे म्हणणे पडले की एका सुताने काही होणार नाही.

"दोन," चेअरमन म्हणाले.

दोन सूत, असे पेटीवाल्याने लिहून घेतले.